टेंभुरदऱ्यातलं मोहोळ

"पांघरूण तोकडं. तोंड झाकावं तर पाय उघडे, पाय झाकावेत तर तोंड. आखडूनच झोपायचं असंल तर माणसानं घरी का झोपू नये…"

कुडाच्या पलीकडून ही कुरकुर आली तेव्हा त्रिवेणी चुलीपुढं भाकरी थापत होती. दिवेलागण झाली होती. स्वयंपाकघर आणि पाहुण्यांची खोली यांच्यामध्ये नुसता तुराट्यांचा कूड, वरून शेणमातीचा हात. पलीकडच्या माणसानं कूस बदलली तरी इकडं कळायचं. आणि हा तर चांगला मोठ्यानं बोलत होता. कुणाशी, देव जाणे.

"उशी कडक. आत कापूस हाय का खडी, कळायला मार्ग न्हाई."

आता मात्र तिचा हात थांबला. उशा तिनं स्वतः शिवल्या होत्या.

"सेलूच्या बाजारातला कापूस हाय त्यो," ती कुडाला म्हणाली. "खडी निघाली तर सेलूवाल्यांना जाब विचारा."

पलीकडं वाकळ सळसळली. मग घसा खाकरल्याचा आवाज.

"मी… सेलूचाच हाय."

"मग बरंच झालं. सोताला विचारा."

थोड्या वेळानं तो ओशाळं हसत दारात येऊन उभा राहिला. उंच, इतका की त्याच्या मापाची वाकळ शिवायची तर दोन जोडाव्या लागल्या असत्या. हातात मोबाईल. त्यातच तो आपलं म्हणणं नोंदवून ठेवत होता. दुपारी त्रिवेणी सरपणाला गेली असताना आईनं खोली दिली होती, त्यामुळे दोघांची ही पहिली भेट.

"रागावू नका, ताई. कामच तसलं हाय. जिल्ह्याच्या कचेरीनं ठेक्यावर नेमलंय. निसर्गवाटेजवळ राहावं कुठं, खावं काय, त्याचं पत्रक काढायचंय. माझं नाव महालिंग."

"एवढ्या तरण्या माणसाला एवढं म्हातारं नाव?"

"आजोबाचं हाय. ते गेले, नाव माझ्या गळ्यात राह्यलं."

आई, चन्नबसम्मा, कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिनं वर पाहिलं. त्यानं वाकून "शरणार्थ, मावशी" म्हटलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी चमकून गेलं. अठ्ठावीस वर्षांच्या लेकीच्या आईला पाहुणा आपल्या लिंगायतातला निघाला की जे चमकतं, तेच. त्रिवेणीनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. स्थळं तिला काही थोडी आली नव्हती. यायची, चहा प्यायची, 'लग्नानंतर आई कुठं राहणार' हा प्रश्न ऐकायची, आणि पुढच्या गाडीनं परत जायची.

तो जेवायला बसला. येसराची आमटी, वांग्याचं भरीत, ठेचा. दुसऱ्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिसरा घास घेतला. पाणी पिऊन म्हणाला, "आता एकच रकाना राह्यला. धोका आन खबरदारी. वाटेवर भ्यायासारखं काई हाय का?"

आईच्या हातातला लसूण थांबला. त्रिवेणीनं तव्यावरची भाकरी उलटली. ती आधीच भाजून झाली होती.

"काई न्हाई," ती म्हणाली.

मग उठून शेळी घरात घेतली, दाराला अडसर घातला आणि अडसराला पुन्हा एकदा हात लावून पाहिला.

*

टेंभुरदरा हे गाव जिंतूरच्या पलीकडं, सागाच्या टेकड्यांच्या पायथ्याला. दोन वर्षांमागं वनखात्यानं इथं पाच किलोमीटरची पायवाट आखली, दोन्ही कडांना पांढरे दगड लावले, आणि परभणी-मानवतची माणसं चालायला येऊ लागली. चालणाऱ्याला भूक लागते, ही गोष्ट गावातल्या तीन घरांना वेळेवर सुचली. दत्तरावांनी पत्र्याच्या चार खोल्या काढल्या. मटण खाणाऱ्यांनी तिकडं जायचं. कडूबाईनं आपल्या रानात हुरड्याची आगटी पेटवली. आणि शाकाहारी, लवकर झोपणारी, चपला बाहेर काढणारी माणसं चन्नबसम्माकडं. पहिल्याच हिवाळ्यात कडूबाईची दोन्ही पोरं ऊसतोडीला गेली नाहीत. गावात पौष महिन्यात तरणी माणसं दिसायला लागली, हे म्हाताऱ्यांनाही नवीनच होतं.

मग दिवाळीत कडूबाईची शेळी गेली. त्यानंतर दत्तरावांचा कुत्रा, साखळीसकट.

टेंभुरदऱ्यात सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. आणि त्या दुसऱ्याचं तर नावच घेत नाहीत. नाव घेतलं की येतं, असं पणजीपासून चालत आलेलं. या जुन्या भीतीला आता नव्या धंद्याची जोड मिळाली. खात्याला कळलं तर वाट बंद होणार. तेव्हा मारुतीच्या पारावर तिन्ही घरं बसली आणि ठरलं : हुरड्याचा हंगाम संपेपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. पाहुण्याला एकटं सोडायचं नाही, दहाच्या आधी आणि तीनच्या नंतर वाटेवर न्यायचं नाही, आणि चालताना अखंड बोलायचं. माणसाचा आवाज आला की ते बाजूला होतं. माग दिसला तर एकमेकांना फोन करायचा, 'मोहोळ उठलंय'. पाहुण्यांनाही तेच सांगायचं. आग्या मोहोळ म्हटलं की शहरातला माणूस खोलीच्या बाहेर पडत नाही.

ठरवताना सगळ्यांना आपण फार हुशार आहोत असं वाटलं होतं. त्रिवेणीलासुद्धा.

*

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती महालिंगला घेऊन निघाली. सागाची पानं गळायला लागली होती. पायाखाली पापडासारखी मोडत होती. पळसाला काळ्या मखमली कळ्या धरलेल्या. आणि त्रिवेणी बोलत होती. आईच्या गुडघ्यांबद्दल, येसर भाजताना धने कधी घालायचे त्याबद्दल, दत्तरावांच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी माणूस कसा भाजून निघतो त्याबद्दल. श्वास घ्यायला थांबली की कान टवकारायची, आणि पुन्हा सुरू.

"तुमी लय बोलता," तो म्हणाला.

"तरास होतोय?"

"न्हाई. आमच्या घरी मी आन बाबा दोघंच. दिवसाकाठी दहा शब्द होत न्हाईत. त्यातले सहा बाबा टीव्हीशी बोलतात."

तिला हसू आलं, आणि हसताना दोन पावलं बोलायची राहून गेली. लगेच तिनं मागं वळून पाहिलं.

"तुमी बी बोला की," ती घाईनं म्हणाली. "मोठ्यानं. गाणं येतं का?"

"जंगलात शांत राहावं म्हणतात."

"ते दुसऱ्या जंगलात. ह्या जंगलात गावं लागतं."

त्यानं गायलं. फार वाईट गायलं. इतकं, की तिला वाटलं, जनावर आता तालुका सोडून जाईल. आणि वाटलं, की हा आवाज रोज सकाळी अंगणात ऐकू आला तरी चालेल… दुसरा विचार तिनं तिथंच दाबला.

ओढ्याशी पाणी प्यायला तो वाकला. पलीकडं, हाताच्या अंतरावर, ओल्या रेवेत ते होतं. चार बोटं, एक तळवा. कुत्र्याच्या पावलाला नख्या उमटतात. याला नव्हत्या. कडा अजून ढासळलेल्या नव्हत्या. पाणी नुकतंच आत झिरपत होतं.

त्रिवेणी पुढं झाली, त्यावर पाय ठेवला आणि चप्पल घासली. आणि महालिंग उठत होता तोच त्याचं मनगट धरलं. जे धरलं ते सोडलंच नाही. जवळजवळ ओढतच त्याला वर, वाटेवर आणलं.

तो हात न सोडवता शंभर पावलं तसाच चालला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. बिचाऱ्याला काय वाटलं असेल ते उघड होतं. आणि तिला वाईट हे वाटलं, की त्याला वाटलं ते अगदीच खोटं नव्हतं. भीतीनं धरलेला हात भीती सरल्यावरही तिला सोडावासा वाटला नव्हता.

"हात… गार पडलाय तुमचा," तो हळूच म्हणाला.

"ओढ्याचं पाणी गार हाय."

"तुमी तर पाण्याला हात लावला न्हाई."

तिनं हात काढून घेतला. मग एकदम कारल्याच्या भाजीबद्दल बोलायला लागली.

घरी आल्यावर परसात जाऊन तिनं दत्तरावांना फोन लावला. "काका, मोहोळ उठलंय. ओढ्यापाशी. ताजं हाय."

परसातून ती परतली तेव्हा आई पाटावर बसून तिच्याकडंच बघत होती. "काल ताई म्हणत होता," आई म्हणाली, "आज नुसतं 'अहो' म्हणायलाय."

"आई, त्याला उद्याच्या सकाळच्या गाडीत बसवून दे."

"कामून?"

त्रिवेणी शेळीला दावं लावायला वळली. आईनं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर नाव घ्यावं लागलं असतं.

*

संध्याकाळी दत्तराव आले. मिशीवाले, घोगऱ्या आवाजाचे, तीन घरांत थोरले. अंगणातल्या बाजेवर बसून चहाची बशी फुंकत त्यांनी सहज म्हणावं तसं म्हटलं, "उद्या वाटंवर जाऊ नका बरं का, सायब. आग्या मोहोळ उठलंय."

महालिंगच्या हातातला कप थांबला. आणि त्याचे डोळे चमकले.

"आग्या? कुठल्या झाडावर?"

"अं… हाय तिकडं. ओढ्याच्या वर. मोठ्या धावड्यावर."

"पोळी किती हायेत?"

दत्तरावांनी त्रिवेणीकडं पाहिलं. त्रिवेणीनं चुलीकडं.

"आमच्या घरी मधमाश्याच्या वीस पेट्या हायेत," तो उत्साहानं सांगायला लागला. "बाबा करडईच्या, सूर्यफुलाच्या रानात ठेवतात. पर आग्या मोहोळ पेटीत राहत न्हाई. जवळून बघायची लय इच्छा हाय. भ्यायचं काई न्हाई त्यात. थंडीत उन्हं वर येईस्तोवर त्या हलत न्हाईत. भल्या पहाटे जावं, निवांत बघून यावं."

तिन्ही घरांनी डोकं लढवून एक खोटं रचलं होतं, आणि त्या खोट्याला न भिणारा जिल्ह्यातला एकच माणूस नेमका चन्नबसम्माच्या खोलीत उतरला होता. आणि तो पहाटेच निघायचं म्हणत होता. एकटा. गप्प. माश्या उठू नयेत म्हणून पाऊलही न वाजवता.

"जाऊ नका," त्रिवेणी म्हणाली.

"अहो, मला चावत न्हाईत."

"म्हणून सांगायले. जाऊ नका."

तो हसला, तिच्या काळजीनं सुखावल्यासारखा. "बरं. न्हाई जात." ज्या सुरात तो म्हणाला, त्या सुरात पुरुषमाणूस बायकांना फक्त खोटंच बोलतो.

तिच्या जिभेवर तो शब्द आला. अगदी दातापर्यंत. दत्तरावांनी बशी खाली ठेवली आणि नुसतं कडूबाईच्या रानाकडं पाहिलं. तिथं आगटीचा धूर निघत होता, तिची दोन्ही पोरं पाहुण्यांना कणसं भाजून देत होती, हसण्याचे आवाज येत होते. त्रिवेणीनं शब्द गिळला. ठेच्यापेक्षा तिखट लागला तो.

*

पहाटे ती उठली तेव्हा कुडाच्या पलीकडून कूस बदलल्याचा आवाज आला नाही.

तिनं जाऊन पाहिलं. वाकळ नीट घडी करून उशीवर ठेवलेली.

"आई, काकांना फोन लाव," एवढंच म्हणून ती धावली. पायांत चपलाही नव्हत्या. वाटेवर नुकतं फटफटत होतं. सागाची पानं दवानं भिजून मऊ पडलेली, तिच्या पावलांचासुद्धा आवाज होत नव्हता, आणि हेच भयंकर होतं. तिला ओरडायचं होतं. घशातून आवाज फुटेना. सगळ्या दुनियेला बोलबोल बोलणारी ती, आणि आज…

ओढ्याच्या वर झाडांत वानरं खाकरत होती. खॉक्. खॉक्. थांबून पुन्हा. वानर माणसाला बघून असं खाकरत नाही.

धावड्याखाली तो उभा होता. पाठमोरा, ताठ. ती दहा पावलांवर आली तेव्हा मान न वळवता, ओठ न हलवल्यासारखं करून म्हणाला, "मोहोळ न्हाई हितं."

"माहीत हाय."

"खडकावर बघू नका. बसलंय."

तिनं बघितलं नाही. पण वास आला, ओल्या गोणपाटासारखा, उग्र. तिनं मागून त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. दोघं मागच्या पावलांनी निघाली, एकेक पाऊल.

"बोला," ती कुजबुजली. "मोठ्यानं. थांबू नका."

"काय बोलू…"

"काई बी. पत्रक बोला."

"टेंभुरदरा," तो थरथरत्या आवाजात, शाळेत धडा म्हणावा तसा म्हणायला लागला. "राहण्याची सोय. चन्नबसम्मा यांचं घर. खोल्या दोन. पांघरूण… पांघरूण तोकडं. पर ऊबदार."

"पुढं."

"जेवण. येसराची आमटी उत्तम. ठेचा जपून. पाणी गरम मिळतं. मालकीण…" समोर खडकापाशी पानांत काहीतरी सरकलं. त्याचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "मालकीण लय बोलते. ती गप्प झाली की करमत न्हाई. पाव्हण्यानं एका दिवसासाठी यावं आन… आन परत जाऊ वाटू नये, अशी मालकीण हाय."

"हे छापणार का?" तिनं विचारलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, भीतीचं का कशाचं ते तिलाच कळत नव्हतं.

"ह्याच्यातून जिता राह्यलो तर छापणार."

"पुढं बोला. मालकिणीची आई कुठं राहणार?"

"आमच्या घरी टीव्हीशी बोलायला एक माणूस कमी पडतंय."

पांढरे दगड लागले. मग डबे वाजवत, काठ्या घेऊन दत्तराव आणि कडूबाईची पोरं वर येताना दिसली. सगळ्यांचे चेहरे पांढरे. जवळ आल्यावर डबे थांबले.

"मोहोळ… दिसलं का, सायब?" दत्तरावांनी विचारलं.

महालिंगनं त्रिवेणीकडं पाहिलं. तिच्या अनवाणी, रक्ताळलेल्या पायांकडं पाहिलं. मग म्हणाला, "दिसलं. लय मोठं हाय."

*

नऊ वाजले तेव्हा तो अंगणात बाजेवर बसून लिहीत होता. त्रिवेणी पायांना हळद लावून चहा घेऊन आली आणि त्याच्या खांद्यावरून वाचू लागली.

'धोका आणि खबरदारी : हिवाळ्यात मधमाश्यांचा वावर. गोंगाट टाळावा.'

"हे काय?" तिनं हळू विचारलं.

"खरं लिहिलं तर खातं उद्या वाट बंद करंल. मग तुमचं घर? कडूबाईची पोरं?" त्यानं मान वर केली नाही. "मी एकटाच तिथनं सुटून आलो असतो तर लिहिलं बी असतं. पर तुमी अनवाणी पळत आलात. आता माझ्या हातून न्हाई लिहिलं जायचं."

तिला सकाळी धावड्याखाली वाटली नव्हती एवढी भीती आता वाटली. तिच्यासाठी एक सरळ माणूस खोटं लिहीत होता, आणि तेही किती प्रेमानं. गोंगाट टाळावा, म्हणे. हे वाचून माणसं वाटेवर गप्प चालतील.

फाटकाशी जीप थांबली. मानवतचं कुटुंब, नवरा, बायको आणि बायकोच्या कडेवर चार वर्षांची पोर, लाल टोपडं घातलेली. बाई उतरता उतरताच विचारू लागली, "आमी आज मुक्कामी हाओत. वाटंवर जायला चालंल ना? कुणी म्हणलं, मधमाश्या हायेत."

"हायेत थोड्या," दत्तराव म्हणाले. ते अजून अंगणातच होते, हातातला डबा पाठीमागं धरून.

"मग असं करू," बाई नवऱ्याला म्हणाली, "उद्या पहाटंच जाऊ. गारव्यात माश्या निजलेल्या असतात. हिला बी गप्प ठेवते मी."

पोर आईच्या कडेवरून खाली उतरायला धडपडत होती. दत्तराव जमिनीकडं बघत होते. चन्नबसम्मा दारात, पदर तोंडाशी. महालिंगचा पेन कागदावर टेकलेला, पुढं सरकत नव्हता.

त्रिवेणीनं चहाचा कप खाली ठेवला आणि त्याच्या हातातून तो कागद काढून घेतला.

"तुमी मला आवडता," ती म्हणाली. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा, रोजच्या आवाजात. "सकाळी जे म्हणलात, त्याला माझं हो हाय. पर माझ्यासाठी हे लिहू नका."

मग ती फाटकाकडं वळली.

"ताई, पोरीला खाली सोडू नका. मधमाश्या न्हाईत. बिबट्या हाय."